सोडली आणि सुटली

आमच्या घरात इच्छाशक्तीचा विषय निघाला की काकांची गोष्ट निघतेच. काका दिवसाला दोन पाकिटं ओढायचे, एक दिवस सकाळी उठले, "बास" म्हणाले, पाकीट खिडकीतून फेकलं आणि परत कधी हात लावला नाही. संपली गोष्ट. लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलीये की ते पाकीट हवेत कसं गोल फिरत गेलं तेसुद्धा मला दिसतं. आणि गोष्ट संपली की सगळ्यांच्या नजरा हळूच माझ्याकडे वळायच्या, कारण घरातला नंबर एकचा आरंभशूर मी. जिम, पहाटे उठणं, गिटार, डायरी, जर्मन भाषा, सगळ्याचे नव्याचे नऊ दिवस. डायरीचे तर चारच.

तर मी सिगारेट एकूण सात वेळा सोडली, अकरा वर्षांत. सातव्या वेळची टिकली, त्याला आता साडेतीन वर्षं होतील. हे कौतुकासाठी लिहीत नाहीये (थोडं आहे, खोटं कशाला बोला). लिहितोय कारण परवा एकाने विचारलं की "काय रे, एवढी विल पॉवर आणलीस कुठून?" आणि मला उत्तरच देता आलं नाही. पहिल्या सहा वेळी माझी इच्छाशक्ती कमी होती आणि सातव्या वेळी एकदम वाढली असं काही झालंच नव्हतं. उलट पहिल्या वेळी मी जेवढा पेटून उठलो होतो ना तेवढा नंतर कधीच नव्हतो. पहिल्या वेळी मी चक्क शपथ घेतली होती, देवासमोर वगैरे. अकरा दिवस टिकली.

माझे सगळे प्रयत्न कधी सुरू झाले ते आठवून बघितलं तर १ जानेवारी, वाढदिवस, सोमवार, परत १ जानेवारी, असंच. यात मी एकटा नाही म्हणे. २०१४ मध्ये हेंगचेन दाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या तिघांनी याचा अभ्यास केला होता, आठवड्याची, महिन्याची, वर्षाची सुरुवात असली की लोक जास्त जिमला जातात आणि गूगलवर 'डाएट' जास्त शोधतात. कोऱ्या पाटीचा मोह. सोमवारचा मी आणि रविवारचा मी ही जणू दोन वेगळी माणसं आहेत आणि रविवारच्या त्या गचाळ माणसाशी आपला काही संबंध नाही असं वाटतं. सुरुवात करायला हे फार छान आहे, मी नावं ठेवत नाही. पण कोऱ्या पाटीची एक गंमत आहे, तिच्यावर एक रेघोटी उमटली की ती कोरी राहत नाही, आणि मग पुढच्या सोमवारपर्यंत वाट बघावी लागते. आणि तोपर्यंत काय? तोपर्यंत ओढायची, आहेच की सोमवार.

चौथ्या वेळचं सांगतो, कारण तिथेच सगळी गोम होती आणि मला ती कळायला नंतर बरीच वर्षं लागली.

चौथ्या वेळी मी एक ॲप घेतलं होतं. रोज सकाळी उघडलं की मोठ्या आकड्यात दिवस दाखवायचं, खाली किती सिगारेटी वाचल्या, आयुष्य किती तासांनी वाढलं वगैरे. मी त्या आकड्याच्या प्रेमात पडलो होतो. दिवस ४१. बेचाळिसाव्या दिवशी ऑफिसमध्ये माझ्या चुकीमुळे एक मोठा घोळ झाला, सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं, बाहेर आलो तर एक जण ओढत उभा होता, त्याने नुसतं पाकीट पुढे केलं. विचार वगैरे काही केला नाही. एक ओढली. चवही धड लागली नाही खरं तर, चक्कर आल्यासारखं झालं. घरी आलो, प्रामाणिकपणे ॲपमध्ये नोंद केली, आणि आकडा झाला शून्य.

तो शून्य बघून मला जे वाटलं ना ते त्या सिगारेटपेक्षा कितीतरी वाईट होतं. एक्केचाळीस दिवस गेले. तू असाच आहेस. काकांनी एका दिवसात केलं, तुला सव्वा महिन्यानंतर पण जमत नाही. आणि मग पुढचं वाक्य, जे अगदी शहाण्या माणसाच्या आवाजात येतं, की आता शून्यच आहे तर एक काय आणि दहा काय. त्या रात्री मी बाहेर पडून पाकीट आणलं आणि झोपायच्या आत अर्धं संपवलं. पुढचा प्रयत्न करायला दीड वर्ष लागलं.

आता नीट बघा. एक सिगारेट ऑफिसच्या घोळामुळे ओढली, मान्य. पण त्यानंतरच्या दीड वर्षातल्या हजारो सिगारेटी कशामुळे ओढल्या? त्या शून्यामुळे.

हे मला वाटायचं माझंच काहीतरी वेडेपण आहे. नंतर वाचताना कळलं की यावर चक्क अभ्यास झालाय. ॲलन मार्लाट म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, व्यसनातून बाहेर पडणाऱ्या लोकांवर त्यांनी आयुष्यभर काम केलं. ते लॅप्स आणि रिलॅप्स असा फरक करायचे. लॅप्स म्हणजे पाय घसरणं, रिलॅप्स म्हणजे परत पूर्ण खाली जाऊन पडणं. आणि त्यांचं म्हणणं असं की या दोघांच्या मध्ये काय होतं हे बऱ्याच अंशी माणूस त्या घसरण्याचा अर्थ काय लावतो यावर असतं. 'आज फार वाईट परिस्थिती होती' असा अर्थ लावला तर सावरायला जागा राहते. 'मी मुळात कमकुवतच आहे' असा लावला की झालं, उतार सुरू. डाएटवाल्यांचंही तेच. १९७५ च्या एका प्रयोगात काही लोकांना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग पाहिजे तेवढं आइस्क्रीम खा म्हणून सांगितलं. साध्या माणसांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, पोट भरलं होतं ना. आणि एरवी मोजूनमापून खाणाऱ्यांनी उलट जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे तर होऊ दे! मी हे वाचलं आणि हसायलाच लागलो, कारण ते माझं पाकीटच होतं.

बरं, माझ्या डोक्यात इच्छाशक्तीची जी कल्पना होती ती म्हणजे टाकी. कुणाची टाकी मोठी, काकांची म्हणजे तर धरणच, आपली बादलीएवढी. दिवसभर थोडं थोडं पाणी जातं आणि संध्याकाळपर्यंत तळ दिसतो. हे मी माझ्या मनाने नव्हतो म्हणत, याला शास्त्रीय आधार होता. १९९८ मध्ये रॉय बाउमायस्टर यांचा प्रयोग फार गाजला होता, त्यात भुकेल्या लोकांसमोर ताज्या भाजलेल्या चॉकलेट कुकीज आणि मुळे ठेवले आणि काहींना सांगितलं की तुम्ही फक्त मुळेच खायचे. मग सगळ्यांना एक न सुटणारं कोडं दिलं. कुकीजवाले साधारण १९ मिनिटं झगडले, मुळेवाल्यांनी ८ मिनिटांतच हात टेकले. म्हणजे मोह आवरण्यात त्यांची ताकद खर्च झाली. पटतं की नाही? मला इतकं पटलं की मी ते रोज वापरायला लागलो. आज दिवसभर डोक्याचा भुगा झालाय, आता टाकी रिकामी, आता माझ्याकडून अपेक्षा ठेवू नका. शास्त्रच सांगतंय.

फक्त पुढे झालं असं की २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांवर लोक घेऊन, याच कल्पनेची परत तपासणी केली (मुळे-कुकीज नाही, दुसरी चाचणी होती) आणि परिणाम जवळपास काहीच दिसला नाही. वाद अजून चालू आहे, बाउमायस्टर यांना ती पद्धतच मान्य नव्हती. पण मला त्याहून भारी वाटला तो २०१० चा व्हेरोनिका जोब, कॅरल ड्वेक आणि ग्रेग वॉल्टन यांचा अभ्यास. त्यांना दिसलं की जे लोक मानतात की इच्छाशक्ती वापरली की संपते, त्यांचीच अवघड कामानंतर दमछाक होते. जे तसं मानत नाहीत त्यांची तशी होत नाही. म्हणजे टाकी आहे की नाही देव जाणे, पण टाकी रिकामी झाली असं स्वतःला सांगितलं की नळ बंद होतो एवढं नक्की.

माइंडसेट म्हणतात तो हा. आणि ड्वेकबाईंचं नाव घेतलंच आहे तर सांगून टाकतो, त्या ग्रोथ माइंडसेटचा लोकांनी आता इतका चोथा केलाय की ऐकलं तरी वैताग येतो, पॉझिटिव्ह विचार करा, सगळं शक्य आहे, आरशासमोर उभं राहून बोला. मूळ म्हणणं इतकं ढोबळ नाहीये. २०१९ मध्ये अमेरिकेत नववीच्या साधारण बारा हजार मुलांवर हे करून बघितलं, तासाभराचाही नाही असा एक ऑनलाइन पाठ, की बुद्धी ही प्रयत्नाने वाढू शकते. मार्कांत मागे असलेल्या मुलांचे मार्क थोडे वाढले. थोडे म्हणजे थोडेच. जादू नाही. मला हे वाचून बरं वाटलं उलट, थोडासा परिणाम खरा वाटतो, आयुष्य पालटून देणारे लोक मला घाबरवतात.

सातव्या वेळी मी काय वेगळं केलं ते सांगतो. पहिलं म्हणजे लढायचं नाही असं ठरवलं. ती मार्शमॅलोची (म्हणजे मऊ, पांढऱ्या, गोड गोळ्यांची) गोष्ट सगळ्यांना माहीत असते, वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत मुलांसमोर खाऊ ठेवला, थांबलास तर दोन मिळतील. आणि थांबलेली मुलं पुढे जास्त यशस्वी झाली वगैरे. तो शेवटचा भाग आता तितका पक्का राहिलेला नाही, २०१८ मध्ये नऊशेच्या वर मुलांवर परत बघितलं तेव्हा घरची परिस्थिती आणि बाकी गोष्टी हिशोबात घेतल्यावर तो संबंध बराच आटला. पण या गोष्टीतली जी खरी कामाची माहिती आहे ती कुणी सांगतच नाही. थांबलेली मुलं दात-ओठ खाऊन थांबली नव्हती! ती डोळे झाकत होती, पाठ फिरवत होती, गाणी म्हणत होती. खाऊ झाकून ठेवला तर मुलं कितीतरी जास्त वेळ थांबली. हा मोठा पांढरा ढग आहे असं समज म्हटलं तरी थांबायला मदत झाली. चार वर्षांच्या पोरांना जे कळलं ते मला चाळिशीत कळत नव्हतं, मी आपला पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवून "बघू कोण जिंकतं" म्हणत बसायचो. पाचव्या प्रयत्नात खरंच असं केलं होतं, स्वतःची परीक्षा म्हणून. ड्रॉवर जिंकला.

मोठ्या माणसांचंही तसंच असतं. जर्मनीत २०५ लोकांना आठवडाभर दिवसातून अनेकदा विचारत राहिले की आत्ता कसली इच्छा होतेय, तिच्याशी झगडताय का. ज्यांचा संयम दांडगा मानला जातो ते लोक मोहाशी जास्त झगडत असतील असं आपल्याला वाटेल. ते कमी झगडत होते, कारण त्यांच्या वाटेला तसले मोह मुळात कमीच येत होते. मग मी पण वाट बदलली. लायटर देऊन टाकले, ॲशट्रे टाकली, ऑफिसमधून निघताना ज्या दारापाशी सगळे उभे असायचे ते दार सोडून मागच्या जिन्याने उतरायला लागलो. दोन मित्रांना स्पष्ट सांगितलं की तीन महिने मी तुमच्याबरोबर बाहेर येणार नाही, राग मानू नका. एकाने मानला. असो.

दुसरं म्हणजे जर-तर. हे पीटर गोलवित्झर यांचं, आणि यावर खूप काम झालंय, २००६ मध्ये ९४ अभ्यास एकत्र करून बघितले तर परिणाम चांगलाच होता. 'मी ओढणार नाही' असं ठरवायचं नाही, 'अमुक झालं की मी तमुक करणार' असं ठरवायचं. जेवण झाल्या झाल्या हात खिशाकडे गेला की मी उठून दात घासणार. कुणी पाकीट पुढे केलं की मी "पीत नाही" म्हणणार. "सोडतोय" नाही म्हणायचं. "सोडतोय" म्हटलं की समोरचा लगेच विचारतो कधीपासून, आणि मग "अरे एकाने काय होतंय". "पीत नाही" ला पुढे प्रश्नच नसतो. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा मलाच खोटं वाटलं, जीभ अडखळली. दहा-पंधरा वेळा म्हटल्यावर सवय झाली. तलफ एका वेळी पाच-दहा मिनिटांची असते, आणि त्या पाच मिनिटांत काय करायचं याचा विचार त्याच पाच मिनिटांत करायला बसलात तर मेलात.

आणि तिसरं, निकोटिनचा च्युइंगम. हे मी मुद्दाम सांगतोय कारण पहिल्या सहा वेळी मी तो घेतला नाही, का तर ती चीटिंग वाटायची. स्वतःच्या जोरावर सोडली पाहिजे ना, काकांसारखी! अरे पण निकोटिनला शरीर सोकावलेलं असतं, पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट, चिडचिड, झोप नाही, कशात लक्ष नाही, हळूहळू दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. ही काही चारित्र्याची परीक्षा नाहीये. च्युइंगम, पॅच असल्या गोष्टींनी सुटण्याची शक्यता ५० ते ६० टक्क्यांनी वाढते असं ढीगभर चाचण्यांतून दिसलंय. डॉक्टरांना विचारून घ्या आणि वापरा, वरून कुणी मेडल देत नाही.

च्युइंगमवरूनच काकांचं बिंग फुटलं. मी चघळत बसलो होतो, काका शेजारी. म्हटलं आता हे लेक्चर देणार. तर ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आमच्या वेळी हे असतं तर बरं झालं असतं." मी म्हटलं तुम्हाला काय गरज, तुमची तर एका दिवसात सुटली. तर हसले. म्हणाले, "एका दिवसात सुटली ती शेवटची. त्याच्या आधी चार वेळा सोडली होती, ते कोण सांगणार? तुझ्या काकूला पण दोनच माहितीयेत."

चार वेळा! माझं अख्खं तारुण्य त्या खिडकीतून गेलेल्या पाकिटाच्या सावलीत गेलं आणि यांनी आधीची चार पाकिटं सांगितलीच नाहीत. चिडलो मी. खरंच चिडलो. म्हटलं काका, हे सांगितलं असतंत तर माझी पाच वर्षं वाचली असती. ते म्हणाले, "कुणी विचारलं नाही. आणि गोष्ट चांगली होती."

यशस्वी लोकांच्या गोष्टी मी त्या दिवसापासून वेगळ्या कानाने ऐकतो. "एक दिवस ठरवलं आणि केलं" असं कुणी म्हणालं की मला त्याच्या आधीचे न ठरलेले दिवस ऐकायचे असतात. ते सांगत नाहीत, आणि मग ऐकणाऱ्याला वाटतं की घसरण झाली म्हणजे आपण त्या जातीचे नाहीच.

सातव्या वेळी मी ॲप घेतलं नाही. भिंतीवरचं साधं कॅलेंडर. न ओढलेल्या दिवशी काहीच खूण नाही, ओढली तर एक ठिपका, पेन्सिलने. म्हणजे घसरलो तरी मागचं काही पुसलं जात नाही, चाळीस दिवस चाळीसच राहतात, वर एक ठिपका येतो. आणि ठिपक्याच्या बाजूला दोन शब्द, कुठे आणि कशामुळे. एवढंच. शिव्या लिहायच्या नाहीत, स्वतःला पण नाहीत. हे मला थोडं अवघड गेलं कारण मला खात्री होती की स्वतःला झोडपलं नाही तर आपण अजूनच ढिले पडू. विद्यार्थ्यांवर झालेल्या एका अभ्यासात उलट दिसलंय, पहिल्या परीक्षेच्या वेळी टंगळमंगळ केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी टंगळमंगळ केली. झोडपणारे परत टाळतच राहिले.

(इथे एक गोष्ट नीट सांगतो, नाहीतर कुणीतरी सोयीचा अर्थ काढेल. अधूनमधून एक ओढली तर चालते असं मी म्हणत नाहीये. एक ओढणारे बरेच जण परत पूर्ण सुरू होतात, मीच सहा वेळा झालोय. न ओढणं हेच बरं. पण ओढून झालीच असेल तर त्यानंतर काय, याबद्दल मी बोलतोय.)

आणि ते २१ दिवसांचं भूत पण उतरवलं पाहिजे एकदा. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लॅस्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की पेशंटना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. त्यातला 'किमान' गळाला, चेहरा गळाला आणि उरलं काय तर कुठलीही सवय २१ दिवसांत. माझं दुसऱ्या वेळी बाविसाव्या दिवशी तोंड पडलं होतं, कारण बटण दाबल्यासारखं काहीतरी होईल अशी अपेक्षा होती आणि तलफ तशीच उभी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांवर बघितलं तेव्हा नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस, आणि माणसामाणसात फरक १८ पासून २५४ पर्यंत. त्या साध्या सवयी होत्या, व्यसन सोडणं नव्हे. पण त्यातलीच एक गोष्ट मी कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवली होती, एखादा दिवस चुकल्याने एकूण प्रगतीवर फारसा फरक पडला नाही.

पहिल्या वर्षी पाच ठिपके. तीन लग्नांत, एक हॉस्पिटलच्या बाहेर, एक काहीच कारण नसताना, त्याच्या बाजूला मी 'उगाच' लिहिलंय. पहिल्या ठिपक्याच्या रात्री फार वेळ जागा होतो, तोच शहाणा आवाज आला, एक काय आणि दहा काय. मी त्याला उत्तर वगैरे दिलं नाही, उठून दात घासले, दुसऱ्यांदा, आणि झोपलो. सकाळी उठलो तर सोमवार नव्हता, साधा गुरुवार होता. गुरुवारपासून परत चालू.

दुसऱ्या वर्षी एक ठिपका. तिसऱ्या वर्षी एकही नाही, पण प्रत्येक महिन्याचं पान उलटताना मी बघायचो, मोजायचो, थोडी छाती फुगायची. मराठीत 'सोडली' आणि 'सुटली' हे दोन वेगळे शब्द आहेत याचा मी त्या काळात बराच विचार करायचो, सोडली म्हणजे मी केलं, सुटली म्हणजे गाठ आपली आपण सैल झाली, आणि आपलं नक्की काय झालंय ते मला ठरवता येत नव्हतं.

या वर्षीचं कॅलेंडर जानेवारीत आणलं. पेन्सिल अडकवायचा दोरा त्याला बांधायचा राहिला. ते माझ्या लक्षात आलं मार्चमध्ये, गॅस सिलिंडरची तारीख लिहायला पेन्सिल शोधत होतो तेव्हा.